रूनाला घेऊन राजधानीत

कोपनहेगन बघायला आलेल्या थोराला सकाळपासून एक गोष्ट धड दिसली नव्हती. स्टेशनाबाहेर मुतारीचा वास, फुटपाथवर सिगरेटची थोटकं, कालव्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात कुणीतरी फेकलेलं अर्धं सँडविच.

"शी!" ती म्हणाली. बाबागाडीचं चाक एका पाघळलेल्या आइस्क्रीममधून गेलं. "शी शी शी!"

शेजारून तिची नणंद माग्दा चालली होती. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा, तोंडावर हसू. माग्दाला सगळंच आवडत होतं, आणि थोराला त्याचीही चीड येत होती.

"वहिनी, अगं आपण शहर बघायला आलोय," माग्दा म्हणाली. "तू तर धाड घालायला आल्यासारखी चालतेस."

"बघायला? काय बघायचं ह्या उकिरड्यात? अहो वन्सं, आपल्या लेमविगचा मासळीबाजार बरा. तिथे घाण असते ती माशांची तरी असते."

"बरं बाई. निदान पोरीसमोर तरी नाक मुरडू नकोस, तिला तीच सवय लागेल."

पोर म्हणजे रूना, थोराची सात महिन्यांची नात. ती बाबागाडीत पडद्याआड गाढ झोपली होती. खरं सांगायचं तर थोरा आली होती ती तिच्यासाठी. राजवाडा, बंदर, रंगीत घरं हे सगळं माग्दाचं खूळ. जटलंडच्या पार पश्चिम टोकाला, लेमविगला, जिथे वारा माणसाला तिरकं चालायला लावतो, तिथे थोरा एकटी राहत होती. नवरा जाऊन दोन हिवाळे झाले होते. घर खायला उठायचं. एस्बन, एकुलता एक मुलगा, राजधानीत नोकरीला लागला तो तिथलाच झाला. त्याची बायको सिग्ने कोपनहेगनचीच. बोलायला गोड, पण पोर कुणाच्या हातात म्हणून द्यायची नाही.

आज मात्र सिग्नेला दिवसभर ऑफिसला जाणं भाग होतं. दाराशी बूट घालता घालता ती म्हणाली होती, "आई, आज तुम्हाला नीट जमलं ना, तर जुलैत रूनाला दोन आठवडे लेमविगला पाठवायचं म्हणतोय आम्ही."

"जमलं तर म्हणजे?" रस्त्यावर आल्या आल्या थोरा माग्दावर उखडली होती. "एस्बनला कुणी वाढवलं? उणे दहामध्ये अंगणात झोपवायचे मी त्याला, नाक लाल व्हायचं, पण खोकला म्हणून नाही. आणि ही कालची पोर माझी परीक्षा घेते!"

"मग पास हो की. कटकट कशाला?"

पास व्हायचंच होतं. लेमविगच्या घरात एस्बनचा जुना पाळणा घासूनपुसून, रंगवून तयार होता. शेजारणींना सांगूनही झालं होतं. थोराला रूना हवी होती. दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, मध्ये कुणी नको. त्यासाठी ती हे मेलं शहर एक दिवस सोसायला तयार होती, पण तोंड बंद ठेवून नव्हे.

"बाजूला व्हा ना, आजी!" एक सायकलवाला घंटा बडवत अंगावरून गेला.

"तुझी आजी घरी असेल, मेल्या!" थोरा मागून ओरडली. "तिची दया येते मला!"

न्यूहाव्हनच्या धक्क्यावर आल्यावर तर तिने नाकाला रुमालच लावला. सकाळीच कुठलीशी प्रवासी बोट बंदराला लागली होती आणि तिच्या पोटातली सगळी माणसं तिथे येऊन सांडली होती. जो तो रंगीत घरांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होता. कुणी धक्क्यावर पाय सोडून तळलेले बटाटे खातंय, कुणी बोटं चाटतंय, सीगल कागद ओढतायत. एका बाईने तर चपला काढून पायाची सालं सोलायला घेतली होती.

"वन्सं, मला इथून आधी काढा."

"अगं, एक फोटो!"

"त्या बाईच्या टाचांचा काढा हवं तर."

शेवटी मागच्या गल्लीत एक कॅफे सापडला. तिथे जरा कमी गर्दी होती. बाहेर भिंतीशी एक बाबागाडी आधीच लावलेली होती. थोराने आपली तिच्या शेजारी लावली, वाऱ्याकडे पाठ येईल अशी, ब्रेक दाबला, पडदा नीट केला आणि दोघी आत गेल्या. झोपलेली पोरं बाहेर मोकळ्या हवेत, माणसं आत, ही तिकडची रीतच. ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

आत दाढीवाला पोरगा टेबलाशी आला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. थोराने त्याच्याकडे नुसतं बघितलं. माग्दाने डॅनिशमध्ये दोन कॉफ्या मागितल्या. त्याने खांदे उडवले आणि पुन्हा इंग्रजीत हसला.

"म्हणजे आता आपल्याच राजधानीत आपल्याच भाषेत कॉफीसुद्धा मिळायची नाही," थोरा म्हणाली. "बोट दाखवा, वन्सं. मुक्यासारखं बोट दाखवा."

बोट दाखवून कॉफी आली आणि वेलदोड्याचे दोन पाव आले. कॉफी आंबट होती. पाव मध्ये कच्चा. किंमत अशी की तेवढ्यात लेमविगला दोघी पोटभर जेवल्या असत्या, वर बिअर प्यायल्या असत्या. थोराने पावाचा कच्चा गर काट्याने बाहेर काढून बशीच्या कडेला ठेवला आणि माग्दाला दाखवला. माग्दाने तो उचलून खाल्ला.

"ईईई! वन्सं!"

"गोड आहे की."

तेवढ्यात थोराची नजर खिडकीकडे गेली. काचेच्या खालच्या कडेवर दोन्ही गाड्यांच्या मुठी तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावर एक पिवळा रेनकोट वाकलेला होता. उंच, जाड माणूस. त्याने एका हाताने गाडीचा पडदा वर धरला होता आणि दुसऱ्या हाताने फोन आत घातला होता. तो फोटो काढत होता. झोपलेल्या पोराचा. अगदी तोंडाशी नेऊन.

थोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे पडली ती तिने पाहिली नाही. हातातला कागदी रुमाल तसाच घेऊन ती बाहेर धावली.

"ए! ए, पिवळ्या! काय चाललंय? लाज आहे का? पोर म्हणजे काय माकड वाटलं तुला?"

माणूस सरळ झाला, हसला. "ब्यूटिफुल," तो म्हणाला. "ब्यूटिफुल!"

"ब्यूटिफुल तुझं डोंबल! चालता हो! पुस ते! पुस म्हणते ना!" तिने रुमाल त्याच्या रेनकोटवर सपासप हाणला. त्याला काही कळलं नाही, पण रुमाल कळला. तो दोन्ही हात वर करून गल्लीच्या तोंडाशी पळाला आणि तिथून त्याने तिचाही एक फोटो काढला.

"किळसवाणे! सगळे किळसवाणे!" थोराने त्याचा हात लागलेला पडदा झटकून खाली सोडला, पायाने ब्रेक उडवला आणि गाडी घेऊन जी निघाली ती मागे वळून न बघता. आत डोकावून बघावं असं तिच्या मनात आलंही नाही. झोपलेल्या पोराला कोण उठवतंय? माग्दा बिल देऊन, दोघींच्या पिशव्या आणि दुधाची बाटली सांभाळत, धापा टाकत कोपऱ्यावर येऊन मिळाली.

"वहिनी, अगं मारलंस त्या माणसाला!"

"कमी मारलं."

मग राजवाडा झाला. केसाळ टोप्या घातलेले पहारेकरी इकडून तिकडे गेले, माग्दाने फोटोंवर फोटो काढले. थोरा गाडी धरून उभी राहिली आणि घोड्याच्या लिदीवर पाय पडलेल्या एका बाईची किंकाळी ऐकून जराशी सुखावली. पुढे जुन्या किल्ल्याच्या तटावर गवत होतं, बाक होता, आणि माणसं त्यामानाने थोडी होती. तिथे दोघी टेकल्या. थोराने डबा काढला. काळा पाव, त्यावर लिव्हर पेस्ट, वर काकडी. घरचं खाणं पोटात गेल्यावर ती पहिल्यांदा थोडी निवली.

"किती शांत झोपलीय बघा," ती गाडीची मूठ हलवत म्हणाली. "सिग्ने म्हणते, हिला झोप नाही. झोप नाही कशी? माणसाच्या हाताला धग असावी लागते."

"आली बाई आज्जी मोठी धगवाली."

"जुलैत सकाळी हिला धक्क्यावर नेईन. बोटी दाखवीन. एस्बनच्या बाबांची ती जागा दाखवीन, जाळी सुकवायचे तिथली." थोरा बोलता बोलता थांबली. "तिला कळायचं नाही म्हणा अजून."

"तुला तर कळेल," माग्दा म्हणाली आणि तिने थोराच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच वेळी गाडीतून रडणं आलं. घोगरं, जाड. थोराचा हात पावासकट हवेतच राहिला. रूना अशी रडायची नाही. रूना आधी कुरकुरायची, मग बारीक सूर धरायची. हा कुणी तरी भोंगा लावल्यासारखा आवाज होता.

तिने पडदा वर केला.

आत एक मुलगा होता. लालबुंद, टकला, कान दोन बाजूंना. अंगात निळा स्वेटर. त्याने थोराला बघितलं, क्षणभर गप्प झाला आणि मग दुप्पट जोराने किंचाळला.

"अगंबाई," माग्दा म्हणाली. "हा कोण?"

 थोराने पडदा खाली सोडला, पुन्हा वर केला. मुलगाच. गाडी काळी, चाकं मोठी, पडदा पांढरा. सगळं तसंच, फक्त रूनाच्या गाडीच्या मुठीवर होता तो ओरखडा नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली.

"रूना तिथेच आहे," ती कशीबशी म्हणाली. "तिथेच भिंतीपाशी. वन्सं, मी रूनाला तिथे टाकून आले!"

दोघी निघाल्या. निघाल्या म्हणजे पळाल्या. माग्दाच्या गुडघ्याने केव्हाच दगा दिला होता, ती लंगडत, कॅमेरा छातीवर आपटत मागे येत होती. थोरा गाडी दामटत पुढे. तटावरची खडी, मग फरशी, मग गर्दी. मुलगा ओरडत होता आणि थोड्या वेळाने गाडीतून वासही यायला लागला.

"वहिनी, दूध दे त्याला! बाटली आहे आपल्याकडे!"

"दुसऱ्याच्या पोराला? त्याला काय चालतं, काय नाही, ठाऊक आहे का आपल्याला? आणखी काही झालं म्हणजे?"

"मग पोलिसांना फोन करू?"

"काय सांगू त्यांना? एक पोर चोरलंय आणि एक हरवलंय म्हणून?"

माग्दाने फोनसाठी पिशवीत घातलेला हात तसाच बाहेर काढला. 

लोक बघत होते. मगाशी थोराने ज्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं होतं तेच लोक आता वळून वळून तिच्याकडे बघत होते. घामाघूम म्हातारी, विस्कटलेले केस, घाण वास, आणि बोंबलणाऱ्या पोराला उचलून घ्यायचं सोडून गाडी ढकलत सुटलीय. सायकल धरून उभी असलेली एक मुलगी बोललीच, "अहो, बाळाकडे बघा ना जरा!"

थोरा गाडी ढकलत तशीच पुढे गेली. तिच्या डोळ्यांसमोर तो पिवळा रेनकोट होता, ती बोटीतून सांडलेली माणसं होती, आणि त्यांच्यामध्ये पडद्याआड एकटी रूना होती. उठली असेल. रडत असेल. कुणी उचलली असेल. कुणीही उचलली असेल, आणि तिला घेऊन बोटीवर चढलाही असेल. 'मला काहीही होऊ दे,' ती मनात म्हणत होती, 'माझे हातपाय मोडू देत, पण ती तिथे असू दे.'

गल्ली आली. कॅफे आला. भिंतीशी गाडी होती.

थोराने मुलाची गाडी तिच्याशेजारी सोडली आणि पडदा उचलला. रूना झोपलेली होती. तोंड उघडं, एक मूठ कानाशी, गालावर झोपेचा लाल डाग. तिला कशाचा पत्ताच नव्हता. थोराचा जीव भांड्यात पडला आणि तिने भिंतीला हात टेकला.

कॅफेचं दार उघडलं. डोक्यावर गॉगल सारलेली एक तरुण बाई मैत्रिणीशी बोलत बोलत बाहेर आली.

"अय्या, विगो उठला वाटतं!" ती वाकून म्हणाली. "तुम्ही हलवत होतात का त्याला? किती छान हो! थँक्यू! आम्ही आत गप्पांत इतक्या रंगलो ना. पण खिडकीतून गाडीची मूठ दिसत होती, म्हणून म्हटलं, झोपलाय अजून." तिने पोराला उचललं आणि नाक मुरडलं. "ईई, केवढं करून ठेवलंयस रे!"

थोराने तोंड उघडलं. मागून माग्दाने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ते पुन्हा मिटलं.

"काही नाही, काही नाही," माग्दा म्हणाली. "गोड आहे हो पोर."

बाई हसत, पोराचा पार्श्वभाग धरून, मैत्रिणीबरोबर पुन्हा आत गेली.

"बघितलंत?" थोरा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "पोर गावभर फिरून आलं आणि हिला पत्ता नाही! आई म्हणायची हिला? मूठ दिसत होती म्हणे!"

"वहिनी."

"काय?"

"तूही मूठच बघितलीस," माग्दा म्हणाली. ती टोचून बोलत नव्हती, दमली होती. "चल आता घरी. झालं ते झालं. कुणाला कळलं नाही, कळायचंही नाही. तू बोलायचं नाहीस, मी बोलायची नाही."

घरी जाईपर्यंत थोराने रूनाला कडेवरून खाली ठेवलं नाही. रिकामी गाडी माग्दाने ढकलली.

संध्याकाळी एस्बनने बटाटे उकडले, मांसाचे वडे तळले, तपकिरी रस्सा केला. सिग्ने ऑफिसातून आली ती धावतच. रूनाने तिला बघून दोन्ही पाय झाडले. सिग्नेने तिला पाजलं, झोपवलं, आणि जेवायला बसली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

"आई, किती खुशीत आहे ती! आणि दुपारी एवढा वेळ झोपली? माझ्याकडे अर्धा तास झोपत नाही. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते, पण म्हटलं नाही करायचा. आणि बघा, काही गरजच नव्हती." ती एस्बनकडे बघून हसली. "आम्ही आत्ताच बोललो. दोन कशाला? जुलैत तीन आठवडे ठेवून घ्या तिला."

माग्दाचा पाय टेबलाखाली थोराच्या पायावर आला आणि तिथेच दाबून राहिला.

तीन आठवडे. थोराला पाळणा दिसला, धक्का दिसला, सकाळचं ऊन दिसलं. 'थँक्यू' म्हणायचं होतं, एवढंच. दुपारी एक थँक्यू असंच फुकटचं पदरात पाडून घेतलं होतं, आता हे दुसरं. तिला शिसारी आली. शहराची नाही, त्या गॉगलवालीची नाही. स्वतःचीच आली.

तिने पाय काढून घेतला.

"आज मी दुसऱ्याच पोराला घेऊन गेले होते," ती म्हणाली. "किल्ल्यापर्यंत."

एस्बन हसला. "आई, काय हे!" मग त्याने आत्याकडे पाहिलं. माग्दा ताटात बघत होती. त्याचं हसू गेलं.

थोराने सगळं सांगितलं. पिवळा रेनकोट सांगितला, ब्रेक सांगितला, घोगरं रडणं सांगितलं. स्वतःची बाजू म्हणून एक शब्द घातला नाही. घालायला तिला सापडलाही नाही.

"आणि रूना?" सिग्नेने विचारलं.

"भिंतीपाशी. एकटी."

"इतका वेळ?"

"हो."

"आणि त्या बाईला सांगितलंत?"

"नाही. तिने माझे आभार मानले. मी ते घेतले."

सिग्ने ओरडेल, असं थोराला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. 'आरडाओरडा कर, बाई, काय वाट्टेल ते बोल,' ती मनात म्हणत होती.  सिग्नेने काटा ताटाच्या कडेला ठेवला, ती उठली आणि झोपायच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं. बाहेर अजून उजेड होता, त्यामुळे टेबलावरून सगळं दिसत होतं. ती रूनाच्या पलंगावर वाकली. पांघरूण जरा खाली केलं. कानावरचे केस बोटाने मागे सारले आणि त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी. तिचीच आहे ना, एवढी एक खात्री करून घेतल्यासारखी. मग पांघरूण पुन्हा वर ओढून ती परत आली.

"सांगितलंत ते बरं केलंत, आई," ती हळू आवाजात म्हणाली. तिने काटा उचलला. "जुलैत ना, आम्हीही येऊ. सगळेच येऊ लेमविगला. म्हणजे तुम्हालाही त्रास नको. चालेल ना?"

"चालेल की," थोरा म्हणाली. "न चालायला काय झालं?"

एस्बनने तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. तो मध्ये कच्चा होता. थोराने तो नाक न मुरडता खाल्ला, संपवला.